दुहेरी पत्र्याचं दार

"इथे हात धरा," डेल गुडघ्यांवर बसून म्हणाला. "नाही, आणखी खाली. लागतंय?"

आर्डिसने हातमोजा काढून गॅरेजच्या दाराच्या तळाशी हात धरला. तिथली रबराची पट्टी उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली होती. वारा सरळ मनगटापर्यंत चढला.

"लागतंय."

"आणि हा पत्रा." डेलने दारावर टिचकी मारली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. "एकेरी आहे. बाहेर शून्याखाली पंचवीस असलं की इथे आत शून्याखाली वीस. मग दार लावा नाहीतर उघडं ठेवा, सारखंच."

"लोवेल म्हणायचा, गाडीवर बर्फ पडला नाही म्हणजे झालं."

"गाडीपुरतं खरं होतं त्यांचं," डेल म्हणाला.

लोवेल तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी गेला. डेल तिच्या मुलाच्या, कर्टिसच्या वर्गातला. शाळेत गणितात कच्चा म्हणून प्रसिद्ध होता, आणि आता सगळ्या तालुक्याची गॅरेजची दारं मोजत फिरायचा. त्याने मोजपट्टी गुंडाळली आणि खिशातली वही काढली.

"सरळ सांगतो, मिसेस टॉलफसन. असंच एकेरी दार तेराशे डॉलर. दुहेरी पत्र्याचं, मधे फोम भरलेलं, चहूबाजूंनी नव्या पट्ट्या, ते सत्तावीसशे. हीटरच्या बिलात जे वाचेल त्यातून वरचे पैसे फिटायला पंधरा-सोळा वर्षं जातील."

"तेव्हा मी सत्त्याऐंशीची असेन."

"दार असेल बरं का तोवर. दाराची हमी मी देतो." डेल हसला. मग वर छताकडे बघून म्हणाला, "पण गॅरेजच्या वर खोली आहे म्हणून विचारतो. वर कोणी झोपतं?"

"मुलगा येतो ना."

"कर्टिस? बऱ्याचदा येतो का?"

"येतो," आर्डिस म्हणाली. "कॉफी घेतोस?"

"नको, निघतो."

"अरे, केलेलीच आहे."

"नको, उगाच त्रास तुम्हाला."

"घोटभर घे."

"बरं, घोटभर," म्हणत डेलने बूट काढले. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस लिंडाल गावात अजून जन्मायचा आहे. पहिला नकार शिष्टाचाराचा आणि दुसरा विनयाचा असतो. खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं, आणि तिथे नाही म्हटलं तर ते नाहीच असतं. घोटभर म्हणता म्हणता डेलने दोन कप कॉफी आणि तीन खजुराच्या वड्या संपवल्या.

आर्डिसने गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली होती. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची. एवढ्या वर्षांत तिने केलेल्या वजनावरून कुणी शेतकरी भांडला नव्हता. पण या दाराचं वजन तिला करता येईना. कर्टिस सोळा वर्षांचा असताना लोवेलने ती वरची खोली स्वतःच्या हातांनी बांधली. गेल्या नाताळात कर्टिस, त्याची बायको ब्रेना आणि दोन मुलं मिनियापोलिसहून आली आणि त्या खोलीत एकच रात्र झोपली. सकाळी ब्रेना कोट घालून नाश्त्याला आली. मुलांची नाकं लाल झाली होती. ब्रेना वाकडं काही बोलली नाही, पण दुपारी सगळं सामान हायवेवरच्या मोटेलमध्ये गेलं. "आई, मुलं गारठतात गं," कर्टिस म्हणाला होता. ते खरंही होतं. पण उरलेले चार दिवस ती माणसं फक्त जेवायला येत होती आणि जेवून उठत होती. आर्डिसला इतकं एकटं लोवेल गेला त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं.

शेजारच्या लव्हर्नला हे सगळं ठाऊक होतं. तिची तिन्ही मुलं गावातच होती, त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलायला तिला मोकळीक होती.

"सत्तावीसशे?" आपल्या घरी सूप पिता पिता लव्हर्नने चमचा खाली ठेवला. "अगं, तुझी गाडी विकली तर हजार येणार नाहीत. नाकापेक्षा मोती जड! आणि गाडीला कशाला हवी गोधडी?"

"गाडीसाठी नाही गं. वरच्या खोलीसाठी."

"हं." लव्हर्नने चमचा पुन्हा उचलून सूप ढवळलं. एरवी ती फटकळ होती, पण या वेळी तिने आवाज खाली आणला. "आर्डिस, एक विचारू? रागावू नकोस. दार बसवलंस, खोली उबदार झाली, आणि तरीही नाही आले तर? आज निदान थंडीवर ढकलता येतंय. नाचणाऱ्याला नाचायचंच नसलं तर अंगण कितीदा सरळ करशील?"

आर्डिसने घरी येऊन भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. लव्हर्नचं बोलणं तिला झोंबलं होतं, कारण ते तिच्याही मनात होतं. एकेरी दार घेतलं तर चौदाशे डॉलर वाचत होते आणि थंडीही जागच्या जागी राहत होती. दुहेरी घेतलं तर खरं काय ते कळणार होतं. कळलं नाही तर बरं, असं तिला तीन दिवस वाटत राहिलं. चौथ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोरावर एवढाही भरवसा नाही का? तिने डेलला फोन केला.

"दुहेरीच बसव," ती म्हणाली. "आणि कर्टिसला कुठे बोलू नकोस. त्याला अचानक दाखवायचंय."

डेलने सकाळी सुरुवात केली आणि दुपारपर्यंत दार बसलं. जुन्यासारखंच पांढरं, तसेच चौकोन, फक्त टिचकी मारली तर आवाज येत नव्हता. वरच्या खोलीतला फरक दोन दिवसांत कळला. पूर्वी हीटर दिवसभर धापा टाकायचा आणि जमीन तशीच गार राहायची. आता अर्ध्यावर ठेवला तरी पुरत होता. आर्डिसने गाद्या उन्हाच्या खिडकीशी टेकवून ठेवल्या, नवी पांघरुणं आणली, मुलांच्या उशांना अभ्रे शिवले. डिसेंबरच्या दहा तारखेला दुपारी ती तिथेच अभ्रे चढवत होती. अंगात उकडलं म्हणून स्वेटर काढून तिने खुर्चीवर टाकला, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, चोवीसला तीनपर्यंत पोहोचतो," कर्टिस म्हणाला. "जेवण तुझ्याकडे."

"मग राहायलाही घरीच या ना."

"नको गं, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? या की."

"नको आई. ती खोली म्हणजे नुसता फ्रीज. नाहीतर आलोच असतो, तुला माहितेय." तो भराभर बोलू लागला. "मागच्या वेळी धाकट्याचा कान दुखला. म्हणजे ब्रेना काही म्हणते म्हणून नाही हं. थंडीच तशी आहे ना तिथे. थंडी नसती तर प्रश्नच नव्हता."

आर्डिस अभ्रा हातात धरून उभी राहिली. ओलं धान्य कोरडं म्हणून खपवायला काट्यावर येणारा शेतकरी हवापाण्यावर जरा जास्त बोलायचा, आणि तिला ते खिडकीतूनच ओळखू यायचं. तिच्या मुलाला ती थंडी हवी होती. बायको आणि आई यांच्यामध्ये उभं राहायला त्याच्याकडे तेवढी एकच जागा होती, आणि त्याच जागेवर आईने सत्तावीसशे डॉलर घालून दार बसवलं होतं. आता तिने फक्त तिसऱ्यांदा विचारायचं होतं. 'ये रे, खोली गरम झालीय,' एवढंच. मग त्याला हो म्हणावं लागलं असतं, नाहीतर खरं नाही म्हणावं लागलं असतं. यातलं काहीही ऐकायची तिची तयारी नव्हती. त्याच्या तोंडून ते बाहेर पडावं असंही तिला वाटेना. शाळेत खोटं बोलायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं.

"हो रे," ती म्हणाली. "गारच असते ती. मुलांना नकोच. मोटेलच बरं."

"नक्की ना? रागावली नाहीस?"

"वेडा आहेस का? तिथे पोहायचा तलावही आहे ना. पोरं खूश होतील."

"हो, तलाव आहे," कर्टिस म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास तिला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. मग तो पाच मिनिटं अगदी मोकळेपणी बोलला. महिन्याभरात बोलला नव्हता तसा.

रविवारी चर्चमधून परतताना लव्हर्नने विचारलंच. "काय गं, वसूल झालं का दार?"

"सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते," आर्डिस म्हणाली.

लव्हर्नने तिच्याकडे पाहिलं. पायऱ्यांवर बर्फ होता म्हणून तिने आर्डिसचा दंड धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

चोवीस तारखेला आर्डिस पहाटेच उठली. बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटल्या, मांसाचे गोळे रश्शात सोडले, सहा ताटल्या पुसून ठेवल्या आणि मग सवयीने काढलेली लोवेलची कपाटात परत ठेवली. बारा वाजले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मुलं आल्या आल्या वर धावणार. कर्टिसचे जुने खेळ वरच्या कपाटात होते, आणि त्यांच्या मागोमाग तोही जाणार. नवं दार दिसलं तर जुनं गंजलं होतं म्हणून सांगता येईल. खोलीचं काय सांगणार?

ती वर गेली. नवी पांघरुणं घडी करून पलंगाखाली ढकलली, हीटर बंद केला आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर शून्याखाली अठरा होतं. तरी खालच्या दारामुळे खोली लवकर गार होईना, म्हणून ओव्हरकोट घालून ती खोली गारठायची वाट बघत पलंगाच्या कडेवर बसून राहिली.