फ्रीजरमधला शेवटचा डबा

आई गेली तेव्हा फ्रीजरमध्ये तिने केलेल्या मटारच्या सुपाचे चार डबे होते. दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं, म्हणून तीन आम्ही बापलेकींनी चवसुद्धा न बघता संपवले. चौथ्याला मात्र बाबा हात लावू देईनात.

मी प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवते. वाढवते आणि मग उपाशी ठेवते, तेच माझं काम. पेशीत चरबीचे थेंब साठलेले असतात. बाहेरून खाणं मिळेनासं झालं की ती त्या थेंबांना पिशवीत गुंडाळते आणि आतल्या आत पचवते. याला ऑटोफॅजी म्हणतात. एका डिशमध्ये मी औषध घालून हे पचवणंच बंद पाडते. तिथल्या पेशी भरल्या कोठारात उपाशी मरतात. दिवसभर ते बघून घरी यावं, तर समोर बाबा! कोरडा पाव चघळून गालफडं बसलेली.

परवा मी लवकर आले. डबा टेबलावर, झाकण उघडं आणि बाबा त्यात नाक खुपसून बसलेले. सुपाच्या कडा वितळल्या होत्या.

"हे रोज चालतं?"

"आज पहिल्यांदाच. वास विसरत चाललो होतो गं." ते झाकण लावून फ्रीजरकडे निघाले.

माझं डोकंच फिरलं. "आमच्या प्रयोगशाळेत एकदा वितळलेलं परत गोठवत नाहीत. खा, नाहीतर फेकते!"

"खाल्लं की संपलं ना."

"नाही खाल्लं तर नासेल. माझ्या पेशीसुद्धा साठवलेलं वेळेला खातात, म्हणून जगतात."

"तुझ्या पेशींना बायको होती का?"

मला हसू आलं, मग रडू. "मलाही ती हवीय, बाबा," मी म्हटलं. "फ्रीजमधून दूध घ्यायला गेले तरी आधी फ्रीजर उघडून डबा आहे ना बघते."

ते डबा घेऊन ओट्याकडे वळले. मग स्वतःच पातेलं गॅसवर ठेवलं.

खळखळून उकळलेलं सूप मी दोन वाट्यांत ओतलं. आई मीठ कायम कमी घालायची आणि बाबा कायम कुरकुरायचे. पहिला घोट घेतल्याबरोबर ते सवयीने म्हणाले, "मीठ..."

मी बरणी पुढे सरकवली. त्यांनी ती हळूच मागे लोटली.

"राहू दे. तिने घातलंय तेवढंच."