गल्लीत शिरलेला हंस

मी हंस बोलतोय. पिसांचा नव्हे हो. बागेतल्या तळ्यात असतो ना तसला, फायबरचा, पायंडल मारत चालवायचा. लांब मान आणि पाठीवर दोघांची बैठक. जन्मभर मी माणसांना एकाच तळ्यात गोल गोल फिरवलं. त्यांची भांडणं ऐकली, गुळपीठही पाहिलं.

मग चक्रीवादळ आलं. तळ्याची भिंत ढासळली आणि मी वाहत वाहत जनावरांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांशी येऊन थडकलो. वादळ गेलं, पण गल्ल्यांतलं पाणी हटेना. मोटारीच्या होड्यांचे पंखे कचऱ्यात अडकत होते. मला पाहून डॉक्टरीणबाईंनी टाळीच वाजवली.

"वहिनी, बसा! दुसरं पायंडल तुमचं."

"अहो वन्सं, मला कुत्र्याची सावलीसुद्धा नको वाटते!" वहिनी ओरडल्या. त्या शिवणकाम करायच्या. कमरेला कात्री खोचलेलीच असायची. कुरकुरत का होईना, बसल्या.

तो दिवस माझा होता! बुडालेल्या गाडीच्या टपावरून कोंबड्या आणल्या, कुंपणावरून मांजरं उचलली. एका बोकडाने तर वहिनींचा पदर चघळतच प्रवास केला.

दुपारी भोंगा ओरडू लागला, 'धरणाचं पाणी सोडतोय, सखल भाग सोडा.' आम्ही वळलो, तोच शेवटच्या घरातून केकाटणं ऐकू आलं. ओसरीच्या खांबाला साखळीने बांधलेली एक कुत्री मागच्या पायांवर उभी होती. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी खांबाला मिठी मारून मला थोपवून धरलं. "मी हात सोडला तर आपण वाहून जाऊ. तिच्या गळ्यातला पट्टा तुम्हालाच कापावा लागेल."

कुत्रीने दात विचकले. वहिनींनी कमरेची कात्री उपसली. त्या तिला म्हणाल्या, "हे बघ बाई, मला तुझी भीती, तुला माझी. कोणीतरी आधी गप्प बसायला हवं. तू बस."

पट्टा जाड होता, कात्री निसटत होती. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला. माझी मान ओसरीच्या तुळईखाली अडकली आणि कडाडकन मोडली. मोडू दे! मी उलटलो मात्र नाही. पट्टा तुटला आणि भिजलेली कुत्री थेट वहिनींच्या मांडीवर चढली.

"वन्सं, पायंडल मारा! हिला खाली उतरवायची माझी छाती नाही!"

काही दिवसांनी तिचा म्हातारा मालक शोधत आला. "मला उचलून होडीत घातलं हो. तिची साखळी सोडा, सोडा म्हणेपर्यंत होडी निघालीसुद्धा," म्हणाला आणि मटकन खाली बसला. कुत्री धावत जाऊन त्याचं तोंड चाटू लागली. वहिनी भिंतीकडे वळून म्हणाल्या, "जा गं, आपल्या घरी जा."

"कुत्र्यांची भीती गेली वाटतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिची तेवढी गेली," वहिनी नाक पुसत म्हणाल्या.

आता मी दवाखान्याच्या अंगणात असतो. मान अजून कुणी जोडलेली नाही आणि तिच्यावाचून माझं काही अडतही नाही. बैठकीवर एक मांजर व्यायली आहे.

पुन्हा वादळ आलं तर मी तयार आहे. पण गल्ल्या पुष्कळ आणि मी एकटा. म्हणून एवढं ऐका: घर सोडण्याआधी जनावरांच्या गळ्यातला पट्टा सोडा. पोहणं त्यांना येतं, गाठ सोडणं येत नाही.