कागद आलेला नाही

आईच्या दशक्रियेला पक्षाचे लोक येणार, हे कानिफनाथने आदल्या दिवशीच सांगितले होते. कानिफनाथ माझा चुलतभाऊ. आईला मुलगा नाही, म्हणून सगळे विधी तोच करत होता.

"आदिनाथअण्णा बोलनार हायेत," तो म्हणाला. "तुजं नाव काडतील. तवा तोंड वाकडं करू नको, ज्ञानेश्वरी."

नाव काढतील म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवला, प्रवचन झाले, की माईक पुढाऱ्यांच्या हातात जातो. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलता बोलता राहिलेल्या माणसाचा अंदाज घेतला जातो. पंचायत समितीची निवडणूक कितीतरी वर्षे रखडली होती, ती आता लागणार होती. आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलेसाठी राखीव सुटला होता. माझी आई, बनुबाई, मागच्या वेळी याच गणातून निवडून आली होती. पुढे तिच्याच पक्षाने तिला सहा वर्षांसाठी अपात्र ठरवून घेतले.

ती अपात्र ठरली माझ्यामुळे. हे आम्हा दोघींनाच माहीत होते. आता मला एकटीलाच.

आई चौथीपर्यंत शिकलेली. मी कोपरगावला कॉलेजात ग्रंथपाल. सभेची नोटीस, ठराव, बांधकामाचे अंदाजपत्रक, जे काही येईल ते ती मी सुट्टीला येईपर्यंत डब्यात जपून ठेवायची, घाईचे असले तर शेजारच्या पोरीकडून मोबाईलवर फोटो पाठवायची. मी वाचायची, ती तीन-तीनदा ऐकायची. सदस्य झाली तरी सही कुठे करायची एवढेच विचारणाऱ्यांपैकी ती नव्हती. "ह्यात आमच्या वस्तीचा रस्ता कुटंय?" असे विचारायची आणि तो नसला की सही करायची नाही.

अडीच वर्षांनी सभापती बदलायची वेळ आली. पक्षाने निकिताला उभे केले. वय चोवीस, एका ठेकेदाराची सून, सभांना दोनदा आलेली. समोर कडूबाई, अपक्ष. टँकरसाठी तहसीलच्या पायऱ्यांवर बसणारी बाई. मतदानाआधी चार दिवस पक्षाची गाडी सदस्यांना सहलीला न्यायला आली. फुटू नयेत म्हणून नेतात, मोबाईल काढून घेतात. आई गेली नाही. "मी काय बाजारची शेळी हाय का, दावं लावून न्यायला?" म्हणाली. ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवले.

संक्रांतीचे दिवस होते, मी घरी होते. "मग मत कोणाला?" मी विचारले.

"निकिता पोरगी गुनाची हाय, पन तिच्या तोंडातून तिचा सासरा बोलतो. माज्या मनात कडूबाई." थोडे थांबून म्हणाली, "पन पक्षाचा कागद आला, तर मन बाजूला ठिवायचं."

"का म्हणून? लोकांनी तुला निवडून दिलंय, आई. सदस्यानं स्वतःच्या बुद्धीनं मत द्यावं, त्यासाठीच तर..."

"लोकांनी बनुबाईला न्हाई दिली मतं. चिन्हाला दिली. मी चिन्ह घिऊन दारोदार फिरले, तवा चिन्ह ग्वाड लागलं, आन् आता कडू लागंल व्हय? सोडायचं तर राजीनामा दिऊन सोडावं."

"हे जरा जास्तच होतंय."

"आसंल. तुज्या पुस्तकात दुसरं आसंल."

मला राग आला होता, हे आज कबूल करते. इतकी वर्षे मी तिला कागद वाचून दाखवत होते, आणि ती मलाच अडाणी ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई हळदीकुंकवाला गेलेली असताना पक्षाचा एक कार्यकर्ता पक्षादेश घेऊन आला. निकितालाच मत द्यावे, अन्यथा कारवाई. घरातल्या सज्ञान माणसाची सही चालते, म्हणाला. मी पोचेवर सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. कागद माझ्या पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी आईने चपला काढता काढता विचारले, "कागद आला का गं?"

"नाही आला," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," म्हणत ती वाणाच्या वाट्या मांडायला बसली. तिचा चेहरा एवढा मोकळा झाला, की मला माझे बरोबरच वाटले.

मतदान हात वर करून झाले. एक सदस्य आलाच नाही. चार विरुद्ध तीन. कडूबाई सभापती झाली ती आईच्या हाताने. आठवडाभरात तालुक्यात बनुबाई विकली गेली असे झाले. आईने शपथपत्र केले, की मला आदेश मिळालाच नाही. ते तिच्या दृष्टीने खरे होते. नगरला जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली, तोवरही मी बोलले नाही. रोज ठरवत होते.

पक्षाच्या वकिलाने पोच पुढे केली. आईला ती वाचायची गरज नव्हती. माझी सही ती दहावीच्या हॉलतिकिटापासून ओळखत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पोरीनं मला कागद दिल्ता. वाचूनबी दाखिवला. मीच खोटं बोलले."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "आई, मी..." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुजी नोकरी नवी हाय. माजं काय, मला कुटं साहेब व्हायाचंय." त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. तिने मला कागद वाचायलाही पुन्हा कधी सांगितले नाही. लाईट बिलसुद्धा शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायची.

मी तिला मोकळे केले, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आले. मोकळे केले नव्हते. निकिताच्या सासऱ्याने सुनेचे जे केले, तेच मी आईचे केले होते.

दहाव्याला गर्दी झाली. आदिनाथअण्णा पक्षाचे तालुकाध्यक्ष. अपात्रतेच्या अर्जावर सही त्यांचीच होती. पांढऱ्या कपड्यांत, चांगल्या जड आवाजात ते बोलले. बनुबाई म्हणजे वाघीण होती. एक चूक झाली, माणूस म्हटल्यावर चूक होते, पक्षाने ती कधीच पोटात घातली. "आन् आता बनुताईंची ज्ञानेश्वरी हाय. शिकलेली हाय. तालुक्याला अशीच लेक पायजे."

घरच्यांच्या वतीने आभार मानायला कानिफनाथने मला माईक दिला. आभार मानून टाक, असे त्याचे डोळे सांगत होते.

मी म्हणाले, "माझ्या आईची चूक झाली नव्हती. पक्षादेश मी घेतला. तिनं विचारलं तेव्हा आला नाही म्हणून सांगितलं. कलेक्टरसमोर तिनं ते स्वतःवर घेतलं. ती विकली गेली नव्हती आणि तिनं पक्षाचा आदेशही मोडला नव्हता. मोडला तो मी, तिला न विचारता."

बायकांमध्ये कोणीतरी डोळ्याला पदर लावला. मला वाटले, झाले.

अण्णांनी हळूच माईक परत घेतला. ते मनापासूनच बोलत होते, असे मला वाटते. "बघा," ते म्हणाले, "आई गेली, तर लेक आईवरचा डाग सोताच्या पदरात घेतीय. याला म्हंत्यात संस्कार!"

माना हलल्या. माझ्यामागे एक म्हातारा म्हणाला, "लई मोठ्या मनाची हाय पोरगी."

विधी आटोपल्यावर मी अण्णांना गाडीजवळ गाठले. "अण्णा, मी खरं तेच सांगितलं. आणि मी उभी राहणार नाही, माझं नाव वर कळवू नका."

"तेरावा होऊ द्या, ताई. दुःखात निर्नय घिऊ नये." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "फोटो तेवढा पाठवून ठिवा."

घाटाच्या वरच्या पायरीवर कडूबाई बसली होती. आता थकली होती, गुडघे धरून बसली होती. मला तिने हाताने जवळ बोलावले.

"तू म्हनलीस ते खरंय," ती म्हणाली. ते विचारणे नव्हते.

"हो, मावशी."

"मला वाटायचं, बनुबाईनं पक्षाला लाथ मारली माज्यापायी. अडीच वर्षं त्या खुर्चीत बसले ना, कोन काय बोललं की मी मनात म्हनायची, एका बाईनं तुज्यासाटी आपलं सदस्यपद घालिवलंय, उट, कामाला लाग." ती नदीकडे बघत होती. "तेबी घेतलंस आज."

"तिच्या मनात तुम्हीच होता. कागद नाही म्हटल्यावर तिनं आपणहून तुम्हालाच मत दिलं."

"आन् कागद हातात पडला आस्ता तर?"

मला तिला काहीतरी देता आले असते. कोणाला कळले नसते. आईही नव्हती.

"तर तिनं निकितासाठी हात वर केला असता," मी म्हणाले.

कडूबाईने मान हलवली. "व्हय. आशीच हुती ती."

ती उठायला लागली. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, पायरीला टेकून एकटीच उठली, आणि चपला हातात घेऊन रस्त्याकडे निघाली.