ग्रामपंचायतीत कोंडलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मित्रांनो, मी तुमच्यावर रागावलेली आहे. गोड बोलणं हवं असेल, तर दुसऱ्या कुणाचं आत्मवृत्त वाचा.

सध्या माझा मुक्काम ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे. एका बाजूला फॉगिंग मशीन, दुसऱ्या बाजूला फाटके फ्लेक्स.

सहा वर्षांपूर्वी दीक्षाने मला घडवलं. ती रांजणगावला एका कारखान्यात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी एसटीने पाबळला जाऊन तिने तिथल्या एका शेडमध्ये माझा प्रकाश गोळा करणारा आरसा हाताने घासला. पाच महिने लागले. अंग म्हणाल तर पाइपलाइनचा उरलेला पाइप. दिसायला मी तोफेसारखी आहे, हे मला मान्य आहे. पण तिने मला मोबाइल लावून शनीची कडी टिपली, तेव्हा कंपनीतल्या निम्म्या लोकांनी तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

यंदा तिला मृग नक्षत्रातला तेजोमेघ हवा होता. तेजोमेघ म्हणजे आकाशातला वायू आणि धुळीचा ढग. तो इतका फिकट असतो, की शेकडो फोटो काढून एकावर एक रचावे लागतात. तिचे दोनशे झाले होते, तेवढेच आणखी हवे होते. मे संपला की मृग सूर्याबरोबरच मावळतो, म्हणून तिची घाई चालली होती.

फेब्रुवारीत आमच्या भागात ड्रोनची आवई उठली. चोर ड्रोन उडवून घरं हेरतात म्हणे! लगेच काठ्या घेऊन गस्त सुरू झाली. एका संध्याकाळी दीक्षा आपल्या आईला, ताईबाईंना, गुरू ग्रह हिरव्या लेझरने दाखवत होती. ती रेघ गस्तवाल्यांना दिसली. एरवी आमच्या बौद्ध वस्तीत लग्नालाही न येणारी वीस माणसं अंगणात घुसली. पुढे रखमाजी, गस्तीचा म्होरक्या.

“ड्रोनला सिग्नल देती व्हय गं?”

“न्हाई आप्पा, दुर्बीण हाय ही. गुरू बघत हुतो. तुम्ही बी बघा की.”

रखमाजीने डोळा लावला. मी जे होतं ते दाखवलं. गुरू आणि एका ओळीत त्याचे चार चंद्र. पृथ्वी फिरते, म्हणून ते हळूहळू सरकत होते.

“आरं, एक मोठं आन् चार बारकं! सरकत्यात बी!” तो ओरडला. “पाच ड्रोन हायेत!”

“चंद्र हायेत ते, आप्पा.”

“चंद्र एकच असतोय. आम्हाला शिकवती का?”

त्यांनी मला उचलून टेम्पोकडे नेलं. ताईबाई आडव्या आल्या. “हाताची सालं गेली पोरीच्या हिला घडवताना. आपटू नगा.” त्यांनी मला आपटलंच. पाइपला चीर गेली. माणसांची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दीक्षाने अर्जावर अर्ज दिले. सगळीकडे उत्तर एकच, ग्रामसभेत बघू. एक मेची सभा कोरमअभावी तहकूब झाली. ती भरली महिनाअखेरीस, माझ्या खिडकीबाहेर.

सरपंच सिंधूबाई म्हणाल्या, “देऊन टाका तिची तिला.”

रखमाजी उठला. “हिला कोंडल्यापासून एक तरी ड्रोन दिसला का कुणाला?”

कुणालाच दिसला नव्हता. त्याआधी तरी कुणी पाहिला होता? पण टाळ्या पडल्या आणि ठराव झाला, की गावाच्या सुरक्षेसाठी दुर्बीण इथेच राहील.

दिवेलागणीला सभा उठल्यावर दीक्षा खिडकीशी आली. पश्चिमेला मृग क्षितिजाला टेकला होता. गजांतून हात घालून तिने, आरशावर धूळ बसू नये म्हणून, माझ्या पाइपच्या तोंडावर रुमाल टाकला आणि निघून गेली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून म्हणतो, आम्हाला जपा. मला तर तुम्ही फारच जपलंत. दाराला दोन कुलपं आहेत आणि मी जागेवर आहे ना, हे शिपाई रोज बघून जातो. मला जपू नका. मला दीक्षाच्या अंगणात नेऊन ठेवा. मी दाखवीन ते पटलं नाही, तर काठी उचलण्याआधी पुन्हा एकदा बघा.