उजव्या बाजूची तिसरी फट

मंगळवारी संध्याकाळी हिरामण तांडेलाने लेकीचा, कल्पिताचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्याच्या फटी बुजवायला सुरुवात केली. रेवदंड्याच्या बंदरावर हे काम त्याच्याइतकं नीट कुणाला जमत नसे. होडीच्या केबिनमधला वायरलेस, जीपीएस, माशांचा थवा दाखवणारं यंत्र, काहीही नवीन आलं की लागणाऱ्या जागा सोडून बाकीची प्रत्येक फट एमसीलने बंद करायची, वरून ओला अंगठा फिरवून गुळगुळीत करायची आणि मगच ते समुद्रात न्यायचं. खारी हवा आत शिरली की तांब्यावर हिरवा गंज चढतो, हे त्याने तीस वर्षं पाहिलं होतं. कल्पिताच्या फोनचं तेच झालं होतं. खालच्या खाचेत तार घातली की चार्जिंग तेवढं व्हायचं, बाकी काही त्या तारेतून जात-येत नसे.

लॅपटॉप जुनाच होता, कुठल्याशा कचेरीतून निघून अलिबागच्या दुकानात आलेला.

"बाय, हे लागतं काय गो?" हिरामण एकेका जागेवर बोट ठेवून विचारत होता.

कल्पिता शेजारी बसून फोनवर परीक्षेच्या सूचना वाचत होती. "ते चार्जरचं. राहू द्या."

"आन् हे?"

"पेन ड्राइव्हचं. ते पण लागतं."

"हितून वारा येतोय गरम."

"ते तर बुजवूच नका बाबा, गुदमरेल."

"मंग ही उजवीकडची बारीक फट? तिसरी?"

"नाय लागत," कल्पिता म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

ओट्यावर सुकट निवडत बसलेली कल्पिताची आई कमळ म्हणाली, "फटी झाल्या की नांगर पण बांधा त्याला. वाहून जायचा."

"हस तू," हिरामण म्हणाला. "माझा वायरलेस अकरा वर्सं चालतोय."

परीक्षा शुक्रवारी दुपारी तीनला होती. सॉफ्टवेअरच्या वर्षभराच्या कोर्सचा हा शेवटचा टप्पा. स्वतः केलेला प्रोग्रॅम कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षकांना चालवून दाखवायचा. पास झालेल्यांना कोर्सवाले कामावर घेणार होते, तेही घरबसल्या. पहिल्या वेळी कल्पिता सहा गुणांनी राहिली होती. दुसरी संधी शेवटची, हे सूचनांमध्ये ठळक अक्षरात छापलेलं होतं.

तिचा प्रोग्रॅम बंदरावरच्या होड्यांचा होता. कुठली होडी किती वाजता बाहेर पडली, किती माणसं घेऊन गेली, कधी परत आली, आणि ठरल्या वेळेला आली नाही तर कुणाकुणाला कळवायचं. सध्या मच्छीमार सोसायटीत ही नोंद एका वहीत व्हायची, नाहीतर व्हायचीच नाही. हे सगळं काम तिने लिनक्स या सिस्टिमवर केलं होतं, कारण कोर्समध्ये तेच शिकवत. परीक्षेचा कॅमेरा मात्र दुकानदाराने घालून दिलेल्या नेहमीच्या सिस्टिमवरच चाले. म्हणून तिने एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही ठेवल्या होत्या. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, हवी ती निवडायची.

बुधवारी सकाळी तिने मशीन चालू केलं तेव्हा दोन नावं आलीच नाहीत. आदल्या दिवशी उतरलेलं अपडेट रात्री बंद करताना लागलं होतं, ते पूर्ण झालं आणि नेहमीची सिस्टिम थेट उघडली. कोपऱ्यात वायफायच्या जागी एक छोटं विमान होतं, म्हणजे वायफाय बंद. त्यावर क्लिक केलं की ते फिकट व्हायचं आणि पुन्हा येऊन बसायचं.

दोन गोष्टी एकाच सकाळी बिघडल्या होत्या. कल्पिताने त्या दोन्हींना एकच कारण दिलं, अपडेट. तिच्या जागी कुणीही तेच दिलं असतं.

तिने कोर्सला शिकवणाऱ्या प्रज्योतसरांना फोन लावला. तो पुण्याला असे, वयाने तिच्याहून थोडाच मोठा, आणि अडलेल्याला कधी झिडकारत नसे.

"अपडेटनंतर मेनू जातो कधी कधी, घाबरू नका," प्रज्योत म्हणाला. "पेन ड्राइव्हवरून परत आणता येतो. पण त्याला नेट लागेल. आधी वायफाय बघू. विमान जात नाही म्हणताय? जुन्या मशीनला कडेला एक सरकतं बटण असतं वायरलेसचं. आहे का बघा."

कल्पिताने मशीन उचललं. चारी कडा नीट पाहिल्या. चार्जरची जागा, पेन ड्राइव्हची जागा, वारा सोडणारी जाळी. बाकी सगळीकडे राखाडी, गुळगुळीत, सपाट.

"नाही सर. बटणच नाहीये याला."

"नक्की?"

"नक्की. हातात धरूनच बघतेय."

"मग वायफाय चालवणारा ड्रायव्हरच गेला," प्रज्योत म्हणाला आणि ती वाट तिथे संपली.

बुधवारचा उरलेला दिवस ड्रायव्हर काढण्यात आणि घालण्यात गेला. फोनवर फाइल उतरवायची तर ती लॅपटॉपला पाठवायला फोनची तार कामाची नव्हती. घरात दुसरा फोन हिरामणचा, बटणांचा. शेजारच्या क्रांतीवहिनीकडून तिने फोन आणला, त्यावरून लॅपटॉपला नेट देता आलं नाही, म्हणून फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेतली, घातली. विमान तसंच. दुसरी घातली. विमान तसंच. गुरुवारी ती रिक्षाने अलिबागला गेली, तर दुकानाचं शटर खाली होतं. गुरुवारची सुट्टी. परत येताना मशीन मांडीवर धरून बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "नवीन घेतला काय?" कल्पिताने मान हलवली, हो की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी दहाला प्रज्योतचा फोन आला.

"एक उपाय उरतो. मशीन कारखान्यातून आलं तेव्हा होतं तसं करायचं. त्याची सोय आतच असते, नेट लागत नाही. वायफाय परत येईल बहुतेक. पण पूर्ण डिस्क पुसली जाते. लिनक्सची बाजूसुद्धा. तुमचं काम दुसरीकडे ठेवलंय ना?"

"पेन ड्राइव्हवर आहे. तीन आठवड्यांपूर्वीचं."

"त्यानंतरचं?"

"त्यानंतरचं आतच आहे."

"मग मी सांगणार नाही करा म्हणून," प्रज्योत म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप मिळतोय का बघा."

ते तिने बुधवारीच पाहिलं होतं. मिळाला असता तरी काम याच डिस्कच्या लिनक्सच्या भागात अडकलेलं होतं, आणि मेनूशिवाय तिथे जाता येत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बसलंच नाही तर गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे नापास. बसलं तर निदान अर्धं दाखवता येईल, उरलेलं तोंडाने समजावता येईल. तिने पंधरा मिनिटं विचार केला. मग बटण दाबलं. मशीनने दोनदा विचारलं, सर्व काही पुसलं जाईल, चालेल? तिने दोनदा हो म्हटलं.

एक वाजून वीस मिनिटांनी मशीन नव्यासारखं उघडलं. निळा स्वच्छ पडदा, त्यावर तीन-चार चित्रं. कोपऱ्यात विमान.

कल्पिता बराच वेळ त्या विमानाकडे पाहत बसली. कमळने ताट आणून ठेवलं, तसंच उचलून नेलं.

पडद्यावरच्या चित्रांत एक पुस्तक होतं. मशीनबरोबर कारखान्यातून येणारी माहितीपुस्तिका. दुकानदाराने आपली सिस्टिम घालताना ती उडवली असणार, आज सगळ्याबरोबर तीही परत आली होती. कल्पिताने ती नुसतीच उघडली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. चौथ्या पानावर मशीनच्या उजव्या कडेचं चित्र होतं, जागांना आकडे दिलेले. तीन नंबरपुढे लिहिलं होतं: वायरलेस चालू-बंद करण्याचं बटण.

तिने मशीन फिरवलं. मागून पुढे मोजलं. एक, दोन. तीनच्या जागी बाबांच्या अंगठ्याची रेघ उमटलेला एमसील होता.

मासळी साफ करायच्या सुरीच्या टोकाने तिने तो खरवडला. आत नखाएवढं बटण, मागे सरकलेलं. दाबून भरताना अंगठ्यानेच सरकलं असणार. तिने ते पुढे केलं. बारीक निळा दिवा लागला, विमान गेलं, आणि लगेच क्रांतीवहिनीकडच्या वायफायचं नाव पडद्यावर आलं. बटण सापडल्यावर या कामाला अर्धं मिनिट लागलं होतं.

तीन वाजता ती कॅमेऱ्यासमोर बसली. परीक्षक बाई शांत आणि सभ्य होत्या. जुन्या प्रोग्रॅममध्ये कल्पिताने होडीचं नाव घातलं, माणसं घातली, निघाल्याची वेळ घातली. नोंद झाली.

"छान. आता ही होडी परत आली ते कुठे नोंदवता?"

"तो भाग मी केला होता, मॅडम. या तीन आठवड्यांत."

"दाखवा ना."

"आज तो माझ्याकडे नाहीये."

"म्हणजे होडी गेली एवढंच यात कळतं?"

"हो," कल्पिता म्हणाली.

पाच वाजता मेल आला. त्यात दोनच ओळी होत्या. पहिलीत तिचं नाव, दुसरीत 'काम अपूर्ण, अनुत्तीर्ण'.

हिरामण बंदरावरून आला, पाय धुतले, आणि लेकीचा चेहरा पाहून हळूच विचारलं, "झालं काय गो?"

"राहिलं, बाबा."

तो तिच्याजवळ बसला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून लॅपटॉप उचलून कडांवरून हात फिरवला. उजवीकडे अंगठा थांबला.

"हे कुणी उकरलं?"

"मी."

"का गो? चांगलं बसलं होतं."

मंगळवारी त्याने विचारलं होतं, लागतं काय म्हणून. आणि तिने न बघता नाय म्हटलं होतं. बटण त्याच्याच अंगठ्याने बंद झालं हे एकदा सांगितलं की ते त्याच्या डोक्यातून जन्मभर जाणार नव्हतं. होडीवर वायरलेसला हात लावतानाही नाही.

"चुकून," ती म्हणाली.

"खारं जाईल ना आत," हिरामण म्हणाला. त्याने फळीवरून एमसीलच्या दोन कांड्या काढल्या, तळहातावर मळल्या, रंग एक होईपर्यंत. "ही फट लागत नाय ना पण?"

कल्पिताने त्याच्या हातातलं मशीन आपल्याकडे थोडं तिरकं केलं. बटण पुढेच होतं, निळा दिवा लागलेला.

"नाय लागत आता," ती म्हणाली. "भरा."