आधी वासराला

"हात लावायचा नाही!" मोठ्या बाई चुलीपुढून ओरडल्या. "थेंबसुद्धा सांडायचा नाही. पोरीच्या वाटचं आहे ते."

छातीतलं दूध काढायला घेतलेली वाटी सुनेनं खाली ठेवली. मी दुधाच्या बादल्या घेऊन दारात उभी होते. या घरच्या बारा गाईंच्या धारा मी सोळा वर्षं काढतेय. मला मूलबाळ नाही. त्यामुळे गाय अडली की मला झोपेतून उठवून नेतात, पण बाई बाळंत झाली की मला कुणी काही विचारत नाही.

पोर चार दिवसांची होती. कालपासून तिचा एकच लंगोट ओला झाला होता. सकाळी नर्सबाईंनी वजन केलं तर ते जन्मापेक्षा बरंच उतरलेलं. "पाजत राहा," त्या घाईत म्हणाल्या. "चारला परत येते. तोवर प्यायली नाही तर मी हिला मोठ्या दवाखान्यात हलवणार. मग मला कुणी अडवायचं नाही."

ऊन असं तापलं होतं की अंगणातल्या मातीवर पाय ठरत नव्हता. आत पोरीचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं, आणि दुपारी तर ती रडेनाशीच झाली. मला त्याचीच भीती वाटली. भुकेलं वासरू हंबरतंय तोवर काळजी नसते.

बादल्या ठेवून मी आत गेले. सून दात आवळून बसली होती. छाती तट्ट फुगलेली, कातडी चकाकत होती. पोर तोंड लावायची, तोंड घसरायचं, पुन्हा लावायची. दोन-तीनदा धडपडली की थकून डोळे मिटायची.

"मावशी, दूध आहे हो मला," ती रडत म्हणाली. "सगळ्यांना वाटतं नाहीच. आहे, पण तिला ते घेताच येत नाही."

"दिसतंय मला. थोडं काढून टाक हातानं."

"हिला काय विचारतेस?" मोठ्या बाई दारात आल्या. "हिनं कधी पाजलंय? आमच्या घरात आधी वासरू पितं, मग बादली भरते. तोवर सडाला कुणी हात लावत नाही. म्हणून आमची वासरं बघ कशी असतात! गावात अशी वासरं कुणाकडे नाहीत."

हे मी सोळा वर्षं ऐकत आले होते. पाहुण्यांसमोर, व्यापाऱ्यांसमोर, माझ्यासमोर. आणि सोळा वर्षं मान हलवत आले होते.

"बाई," मी म्हणाले, "ती रीत मी पाळत नाही."

"काय?"

"पहिल्यांदा व्यायलेल्या गाईची कास दगडासारखी होते. वासराच्या तोंडात सड मावतच नाही. मग मी तुमच्या नकळत दोन-चार धारा जमिनीवर सोडते. सड मऊ पडला की वासरू धरतं. तुमची अर्धी वासरं अशीच जगलीत. उद्यापासून येऊ नको म्हणा, पण आत्ता मला अडवू नका."

बोलले खरी, पण हे काम सुटलं तर जायचं कुठे? दुसरं काम मला येत नाही. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या पोरीकडे बघत राहिल्या. तिनं डोळे उघडले नव्हते.

"हात धुऊन घे," एवढंच त्या म्हणाल्या.

मी सुनेच्या छातीवर गरम पाण्याचा फडका ठेवला आणि हलक्या हातानं कसं काढायचं ते तिला दाखवलं. आधी काहीच येईना. मोठ्या बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. मग एक थेंब आला, मग दुसरा, मग बारीक धार वाटीत वाजली. ते दूध मी चमच्याच्या टोकानं पोरीच्या ओठाला लावलं. तिनं जीभ हलवली. आणखी दोन चमचे गेले तसे तिचे डोळे उघडले.

"आता घे तिला. तिची नुसती मान वळवू नकोस, सगळं अंग तुझ्याकडे कर. हनुवटी आधी लाव. तोंड मोठं उघडू दे... थांब... आत्ता!"

सुनेनं माझं मनगट गच्च धरलं. पोरीचं तोंड घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा तिनं धरलं आणि सोडलं नाही. खोलीत नुसता गिळण्याचा आवाज येत होता. सून रडत होती, हसत होती, आणि मला मात्र एकदम परसात जाऊन तोंड धुवावंसं वाटलं.

चारला नर्सबाई आल्या, पोरीला पिताना बघत बसल्या. लंगोट ओला होता. "आज नेत नाही, उद्या सकाळी पुन्हा वजन करते," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

"आमच्या घरचीच रीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी उठून गोठ्यात गेले. राग आला होता, खोटं कशाला सांगू? सकाळीच व्यायलेली पहिलटकरीण गाय पाय आपटत होती. तिचं वासरू ढुशा देऊन दमलं होतं. मी खाली बसले, पण चोरी उघडी पडल्यावर हात पुढे जाईना.

मागे पावलं वाजली. मोठ्या बाई गोठ्यात कधी येत नाहीत. आज आल्या होत्या, हातात पिवळट ओला लंगोट घेऊन.

"दुसरा," त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मग गाईच्या कासेकडे बघितलं.

"वासरू बिचारं कधीचं तडफडतंय," त्या माझ्यावरच खेकसल्या. "सोड की दोन धारा खाली. बघत काय बसलीस?"