नेव्हिलची मिशी

“नेव्ह, तू चोरून दाढी करतोस,” चहाच्या सुट्टीत क्लॅरी म्हणाला. “तीन आठवडे झाले. माझ्या सासूला तुझ्यापेक्षा जास्त मिशी आहे.”

सगळे हसले. नेव्हिलही हसला, पण चहा अर्धाच टाकून उठला.

दक्षिण गोलार्धातल्या आमच्या गव्हाच्या कोठारावर नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, सुगी आणि मिशा. एक तारखेला सगळे पुरुष गुळगुळीत तोंडाने येतात आणि महिनाभर मिशा वाढवतात; ज्याची झुपकेदार तो जिंकला. त्या निमित्ताने पुरुषांच्या आजारांसाठी वर्गणीचा डबा माझ्या वजनकाट्याच्या खिडकीत असतो. इथली बाई मी एकटीच, म्हणून पंचही मीच. नेव्हिलला हरवणारा गडी अजून जन्मायचा होता. पंधरवड्यात त्याची मिशी पीळ देण्याजोगी व्हायची. यंदा मात्र ओठावर नुसती लव. मध्येच शर्टाची बटणं सोडून तो पंख्यापुढे निथळत उभा राही. उन्हात आम्हीही निथळतच होतो, तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही. त्याने गड्यांना दगा दिला, एवढंच सगळ्यांच्या मनात बसलं. चहाला त्याच्या शेजारी कोणी बसेना.

शेवटच्या दिवशी फोटो असतो. नेव्हिल आला तो चक्क काळीभोर मिशी घेऊन. क्लॅरीने शिट्टी मारली. सगळे उन्हात ओळीने उभे राहिले आणि नेव्हिलला पुन्हा तसाच दरदरून घाम फुटला. मिशी ओघळून हनुवटीवर आली. बायकोची भुवयांची पेन्सिल होती ती.

हसता हसता पुरेवाट झाली. या वेळी नेव्हिल हसला नाही.

“प्रोस्टेटचा कॅन्सर आहे,” तो म्हणाला. “पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू आहेत. त्यांनी मिशी वाढतच नाही, वर असा घाम फुटतो. हे सांगण्यापेक्षा लबाड म्हणवून घेणं बरं वाटलं.”

मला माझाच राग आला. महिनाभर डब्यात नाणी पडत होती, आणि ज्याच्या आजारासाठी पडत होती तोच रोज टोमणे खात होता.

क्लॅरीने खिशातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि नेव्हिलपुढे धरला.

“पूस. आणि मध्ये उभा राहा.”

त्या फोटोत नेव्हिल मधोमध आहे, कोऱ्या चेहऱ्याने, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. मिशीवाले सगळे त्याच्याकडे बघताहेत.